चोक काढला की मान टाकते, त्याबद्दल

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय पम्या,

परवा फोनवर तुझं निम्मं बोलणं रेंजने खाल्लं, म्हणून लिहूनच पाठवतो. तसंही हे हातात पाना धरून वाचायचं प्रकरण आहे.

मला कळलं ते असं. अण्णांची मोटरसायकल, हिरो होंडा सीडी १००, आठ महिने उभी होती. आता सकाळी चोकवर दुसऱ्या किकला लागते, चोक काढला की मान टाकते. रस्त्याला लागली की चाळीस-पन्नासने छान पळते, सिग्नलला रेस सोडली की बंद. आणि नाक्यावरच्या मिस्त्रीने काही न उघडता सांगितलं, "इंजिनचं काम निघालंय, बोअर मारावा लागेल." अरे, बोअर (पिस्टन वरखाली होतो ते सिलिंडर) गेलेली गाडी निळा धूर सोडते, ऑइल पिते, चढाला बसते. तुझी यातलं काही करत नाही. त्या मिस्त्रीला तूर्त लांबून नमस्कार कर.

तुझ्या तक्रारीतच निम्मं उत्तर आहे. चोक हवा अडवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल वाढतं. चोकवर जगते आणि चोकशिवाय मरते, म्हणजे एकतर तिला पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. वेगात नीट पळते, म्हणजे मेन जेट (वेगात पेट्रोल देणारं भोक), टाकीचा कॉक, प्लगचा करंट हे सगळे सुटले. उरला स्लो जेट (रेस सोडल्यावर पेट्रोल देणारं भोक), आणि हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर व इंजिनचं हेड यांच्यातला जोड. बास.

माझ्या सीडी १०० ला हेच झालं तेव्हा एवढा विचार केलाच नव्हता. कार्बोरेटरचा स्क्रू हाताला लागतो म्हणून माणूस तो फिरवतो, मीही फिरवले, दोन्ही. संध्याकाळपर्यंत मूळ सेटिंग काय होतं तेही विसरलो. तू तसं करू नकोस. बाजूचा एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घे, किती फेरे झाले ते मोजून भिंतीवर लिही, आणि परत तेवढाच बाहेर आण. आपल्या गाडीत तो एअर फिल्टरच्या अंगाला आहे, म्हणजे आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. ज्या कार्बोरेटरला तो इंजिनच्या अंगाला असतो, तिथे बरोबर उलटं. यावर मी एका मित्राशी तासभर भांडलोय आणि दोघेही आपापल्या गाडीपुरते बरोबर होतो.

आता कॉक बंद करून कार्बोरेटरची खालची वाटी उघड. माझ्या वाटीत तळाला काकवीसारखा चिकट थर होता, वास जुन्या रंगाच्या डब्याचा. पेट्रोल उडून जातं आणि मागे हे राहतं. मेन जेटच्या शेजारी, खोलगट जागेत स्लो जेट दिसेल. त्याचं भोक अर्ध्या मिलीमीटरहूनही बारीक असतं, म्हणून पहिला तोच बुजतो. उजेडाकडे धरून बघ, गोल ठिपका दिसला पाहिजे. तारेने कोरू नकोस, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट गेला. क्लीनर मार आणि पंपाने हवा दे.

मी जेट साफ केला. गाडी थोडी सुधारली, पण रेस आपोआप चढायची-उतरायची आणि उतारावर सायलेन्सरमधून फटाके. तिसऱ्या रविवारी, वैतागून, गाडी कशीबशी चालू ठेवून कार्बोरेटरच्या जोडावर तेलाच्या बुधलीतून चार थेंब सोडले. वरच्या बाजूला काही नाही. खालच्या बाजूला थेंब गपकन आत ओढला गेला, इंजिनचा आवाज एकदम जड झाला आणि क्षणभराने मागून धुराचा एक झुरका आला. सापडली! (तेलच वापर. यासाठी पेट्रोल शिंपडणारे महाभाग मी पाहिलेत, आणि त्यातल्या एकाची जळालेली वायरिंगही.)

उघडलं तर जोडातली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) वाळून बांगडीसारखी कडक झालेली. शिवाय मीच कधीतरी दहाच्या पान्याने बोल्ट इतके आवळले होते, की कार्बोरेटरचे कान वाकले होते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तोंड घासून सपाट केलं, नवी ओ-रिंग टाकली, बोल्ट दोन्हीकडून थोडे थोडे आवळले. दहा मिनिटं गरम केल्यावर एअर स्क्रू तेवढा अर्धा फेरा हलवावा लागला.

एवढं करूनही फक्त गरम झाल्यावरच बंद पडू लागली, तर कार्बोरेटरला पुन्हा हात लावू नकोस. टॅपेट बघ, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट. व्हॉल्व्ह बसत जातो तसा गॅप कमी होतो, मग गरमीत तो पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. गॅप ०.०५ मिलीमीटर, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून. आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट करणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. ही गाडी थोडी टिकटिकलेली बरी.

आणि हो, टाकीतलं आठ महिन्यांचं पेट्रोल आधी काढून टाक. अण्णा "चांगलं आहे, कशाला फेकतोस" म्हणतील. म्हणू दे.

पाकिटात दोन ओ-रिंगा टाकल्यात. एक तुझ्या हातून अंगणात उडणारच.

तुझा,
बंड्या