चित्रनगरीतल्या त्या रात्रपाळीतल्या सहायक दिग्दर्शक मुलास

प्रिय बाळा,

तुझं नाव लिहीत नाही, उगाच वरच्यांचा राग तुझ्यावर नको. पण हे चारचौघांत सांगायचंच होतं.

मी १९८४ पासून शूटिंगच्या गर्दीत उभी राहते. लग्नातली पाहुणी, मोर्चातली बाई, कोर्टात मागच्या बाकावरची. पौराणिक मालिका जोरात होत्या तेव्हा उंबरगावला दासीही झाले. रिळाचा जमाना, शॉट वाया गेला की रीळ वाया. आमच्यातलं कुणी चुकून कॅमेऱ्याकडे बघितलं की अख्खा सेट अंगावर यायचा. २०२० मध्ये कोरोनामुळे सरकारने ६५ च्या पुढच्या कलाकारांना सेटवर मनाई केली, ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तरी पुढे किती दिवस आम्हाला काम देणाऱ्या कोऑर्डिनेटरचा फोन आला नाही.

या धंद्यात बाई पहिली गोष्ट शिकते ती ही, की शिफ्टला पाणी प्यायचं नाही. व्हॅनिटी, म्हणजे शौचालय असलेली गाडी, ती मोठ्या कलाकारांची. आम्ही जायचं कुठे? एका सेटवर प्रॉडक्शनच्या माणसाला विचारलं, तर त्याने मान वर न करता झाडीकडे बोट दाखवलं. चित्रनगरीतली झाडी, राष्ट्रीय उद्यानाला लागलेली, जिथे बिबट्या दिसतो! त्याच्या आईला त्याने ती झाडी दाखवली असती का? मूत्रमार्गाचे आजार आमच्यातल्या कितीजणींनी असेच अंगावर काढलेत.

त्या रात्री तू पाण्याची बाटली पुढे केलीस, मी नको म्हटलं. दुसरा कुणी पुढे निघून गेला असता. तू थांबलास आणि आवाज खाली आणून विचारलंस, "मावशी, जायची सोय नाही म्हणून पीत नाही का?"

आजवर कुणी हे विचारलं नव्हतं रे. मला उत्तरच देता येईना, डोळे भरून आले. व्हॅनिटीची चावी तू आणलीस, सगळ्याजणींना पाठवलंस, शॉट लागत असताना आमच्यासाठी वेळ मागून घेतलास, त्याबद्दल आभार आहेतच. पण माझ्या मनात घर केलं ते त्या प्रश्नाने. चारजणांत माझी लाज राखून विचारलंस. हे कुठल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत नसतील, तुझ्या घरच्यांनी शिकवलं असणार. त्यांनाही माझा नमस्कार सांग.

तू दिग्दर्शक होशील तेव्हा लग्नाच्या सीनला मला बोलाव. नऊवारी, नथ, चपला माझ्या मी आणते आणि कंटिन्युटी, म्हणजे शॉटमागून शॉट तोच पेहराव नि तीच जागा, चुकवत नाही. बायकांच्या सोयीचं तू आधी बघशील, याची मला खात्री आहे.

तुझी,
मावशी