बायोलॉजी घेतली म्हणजे नीटच का?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवाच्या तुमच्या करिअर पुरवणीतलं बायोलॉजीचं पान आईने माझ्यासाठी मुद्दाम कापून ठेवलं होतं. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, फिजिओ, फार्मसी, नर्सिंग, संपलं पान. बायोलॉजी शिकून माणूस बायोलॉजिस्ट पण होतो हे त्यात कुठेच नाही आणि मी सहा वर्षं तेच करतोय, त्यामुळे जरा लागलंच म्हणा.

मी बेडकांवर पीएचडी करतोय. पावसाळाभर मुक्काम आंबोली. इथे जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळ-पठारावर) पहिल्या पावसाची डबकी साचली की त्यात एक छोटासा टोड (बेडकाचाच एक प्रकार) अंडी घालतो, अंगावर वाघासारखे पट्टे म्हणून शास्त्रीय नावात टायगेरिना. त्याचं शास्त्रीय वर्णन झालं 2009 ला, म्हणजे मी शाळेत होतो तेव्हा! रात्री दहाला हेडटॉर्च लावून निघायचं, मोज्यात तंबाखू भरायची (जळवांसाठी), बेडूक ओरडायला लागला की रेकॉर्डर पुढे धरून श्वास रोखून बसायचं कारण रेनकोट जरा खसखसला तरी रेकॉर्डिंग वाया. मग व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायचं उपकरण) मोजायचा आणि होता तिथे परत सोडायचा. चहाच्या टपरीवरचे काका अजून विचारतात, "बाबा, ह्या बेडकांत तुका गावता तरी काय?"

काय गावतं ते सांगतो. इथल्या हिरण्यकेशी नदीच्या कुंडातला एक मासा 2020 ला नवीन प्रजाती म्हणून नोंदला गेला आणि 2021 ला सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कुणीतरी बसून त्या एवढ्याशा माशाचं मोजमाप केलं, पंखातले काटे मोजले, म्हणून झालं ना ते.

आता पैशाचं, कारण पालक आधी तेच विचारतात आणि बरोबरच आहे त्यांचं. सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, त्यात लाइफ सायन्सेसमधून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली की 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आणि दोन वर्षांनी एसआरएफ (तिचीच वरची पायरी) झालात की 42,000, घरभाडं वेगळं. वाईट नाहीये. पण बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी करता करता तिशी येते आणि तोवर वर्गातले डॉक्टर झालेले मित्र गाडीचे हप्ते भरत असतात. आणि पैसे वेळेवर येतीलच असं नाही. जेआरएफ मिळण्याआधी मी एका प्रोजेक्टवर होतो (नाव नको), तिथला पगार सलग सात महिने आला नव्हता, मग एकदम आला, मधल्या काळात रूमचं भाडं बहिणीने भरलं. हे पण छापा, नुसते वाघाचे फोटो टाकून मुलांना भुलवू नका.

अजून एक, ही चूक मी स्वतः केलीये. गणित नको म्हणून बायोलॉजी घेऊ नका!! मी अकरावीला मॅथ्स सोडलं आणि आता माझा निम्मा दिवस स्टॅटिस्टिक्स आणि आर नावाच्या कॉम्प्युटर भाषेत कोड लिहिण्यात जातो, एमएस्सीनंतर युट्यूबवरून शिकलो, रडत रडत. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत बारावीनंतर थेट पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे, त्याला नीट परीक्षा लागत नाही, वेगळी अॅप्टिट्यूड टेस्ट असते आणि तिच्यात बायोलॉजीसोबत गणित पण असतं. मला हे कळलं तेव्हा मी एसवायला होतो. गावाकडच्या किती मुलांना कळत असेल?

आमच्याकडे लग्नकार्यात कुणी विचारलं की आई अजून "डॉक्टरेट करतोय" म्हणते, समोरचा फक्त डॉक्टर ऐकतो, गुडघेदुखी सांगायला लागतो आणि मी पण हल्ली ऐकून घेतो. पुढच्या वर्षी पुरवणी काढाल तेव्हा फार्मसीच्या खाली चार ओळींची जागा ठेवा, मजकूर मी लिहून देतो, मानधन नको.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी