गोळ्या का सोडल्यास?

सातारा
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिल्या,

वहिनींचा फोन आला होता. अडीच महिने टीबीच्या गोळ्या घेतल्यास, खोकला गेला, वजन चार किलो वाढलं, आणि आता ‘अंगात उष्णता होते, लघवी केशरी होते’ म्हणून पाकिटं कपाटात टाकलीस म्हणे. फोनवर ओरडलो असतो तर तू हसण्यावारी नेलं असतंस. म्हणून लिहितोय.

केशरी रंग तुझ्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनचा. आमच्या चिऊला रक्ताच्या कॅन्सरसाठी लाल औषध चढवलं तेव्हा तिचीही लघवी लालसर आली होती. मी घाबरून सिस्टरला हाका मारल्या. ती म्हणाली, “औषधाचा रंग आहे हो, रक्त नाही.” चिऊने मात्र भावाला फोन करून रुबाबात सांगितलं, की मला रंगीत शू होते!

आणि दिल्या, तुझ्या त्या गोळ्या म्हणजेही केमोथेरपीच. आपल्याला केमो म्हटलं की टक्कल आणि सलाइन आठवतं. पण जर्मनीतल्या पॉल एर्लिखने हा शब्द रूढ केला तो जंतूंच्या आजारांसाठी. १९१० साली त्याचं गरमीवरचं, म्हणजे सिफिलिसवरचं, साल्व्हरसान हे औषध बाजारात आलं. कॅन्सर त्या शब्दाला चिकटला तो नंतर.

फरक आहे तो शत्रूत. टीबीचा जंतू परका. त्याच्या भिंतीला जो मेणचट थर असतो तो आपल्या पेशींना नसतोच, तुझ्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड तिथे घाव घालतं. ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, पेशी घरभेदी, आपल्याच रक्तातली. तिच्यावर टाकलेलं औषध भरभर वाढणाऱ्या सगळ्यांनाच लागतं: केसांची मुळं, तोंडाची आतली कातडी, हाडांतला मगज. चिऊचे केस गेले त्याचं तिला काही वाटलं नाही. पण तोंड असं आलं होतं की पेजेचा घोट घेतानाही माझी बोटं आवळून धरायची.

परळला वॉर्डाबाहेर बसून मोबाइलवर काय काय वाचलं! १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, गरोदर गिरणी कामगार बायकांचा पंडुरोग अभ्यासायला. यीस्टच्या अर्काने त्या बायका सुधारतात हे तिने दाखवलं. (त्यांत माझी पणजी असेल का, असाही वेडा विचार येऊन गेला.) त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड, हे पुढे कळलं. बोस्टनच्या सिडनी फार्बरला दिसलं, की ल्युकेमियाच्या मुलांना ते दिलं तर आजार उलट भडकतो. मग त्याची हुबेहूब नक्कल करून पेशीला फसवायचं असं ठरलं. ही नकली औषधं आली लेडर्ली कंपनीतून, आपल्या आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या हाताखालून. १९४८ मध्ये फार्बरने सोळा मुलांची हकिगत छापली. दहा सुधारली, पण काही महिनेच. चिऊ दर सोमवारी ज्या बारीक पिवळ्या गोळ्या घेते, ते मेथोट्रेक्झेट त्याच घराण्यातलं.

‘काही महिनेच’ हे नीट वाच. टीबीतही तेच झालं होतं. नुसतं स्ट्रेप्टोमायसिन दिलं की माणूस उठून बसायचा आणि मग जंतू त्याला भीक घालेनासे व्हायचे. जोडीला दुसरं औषध दिल्यावर हे आटोक्यात आलं. टीबीवाल्यांची ही अक्कल साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ल्युकेमियाच्या डॉक्टरांनी उचलली आणि मुलांना चार औषधं एकत्र दिली. त्यातलं एक, व्हिंक्रिस्टीन, तुझ्या अंगणातल्या सदाफुलीत असतं. थोडक्यात, माझी पोर तुम्हा टीबीवाल्यांच्या उपकारात आहे, आणि तूच पाकिटं कपाटात टाकतोस!

महिन्याभरात चिऊच्या मगजात दुर्बिणीखाली एकही वाईट पेशी दिसेना. मी पेढेच आणायला निघालो होतो. डॉक्टर म्हणाले, “दिसत नाहीत. संपल्यात असं मी म्हटलेलं नाही.” तेव्हापासून दोन वर्षं चाललंय. कालनिर्णयवर रोज फुली. मधे रक्तातल्या पेशींचे काउंट पडले की गोळ्या थांबतात, पण ते डॉक्टर ठरवतात, मी नाही. परवा चिऊने विचारलं, “बाबा, मी बरी आहे ना, मग गोळी कशाला?” ती नऊ वर्षांची आहे रे. तू सत्तेचाळीसचा.

तुझा जंतू तर महाआळशी. एकाचे दोन व्हायला त्याला वीसेक तास लागतात, काही तर नुसते झोपून राहतात. म्हणून दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. खोकला गेला म्हणजे जागे होते ते मेले. झोपलेले उठले आणि गोळ्यांना दाद देईनासे झाले, तर पुढची औषधं याहून कडक. पूर्वी तुला वानलेसवाडीच्या टीबी सॅनटोरियममध्ये खाटेवर महिनोन्‌महिने काढावे लागले असते. मद्रासला १९५६ पासून चाचणी झाली, घरी राहून औषध घेणारे सॅनटोरियमइतकेच बरे होतात हे १९५९ मध्ये छापून आलं, म्हणून तू घरच्या पोळ्या मोडतोयस.

आता मनानेच पुन्हा सुरू करू नकोस. किती दिवस खाडा झालाय ते केंद्रात खरं सांग, लाजू नकोस. काय करायचं ते बेडका तपासून तेच ठरवतील. मंगळवारी सकाळच्या एसटीने येतोय, मी बरोबर असेन. तुझं कार्ड आणि उरलेली पाकिटं काढून ठेव. वहिनींना सांग, जेवायला आहे.

तुझा,
विन्या