कोकणची सहल तेरपासून आखा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की सोलापुरातल्या शाळांच्या सहली कोकणाकडे निघू लागतात. बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. शनिवारी अर्धी शाळा करून रात्री निघायचे, रविवारी कोल्हापुरात अंबाबाई, जोतिबा, रंकाळा करायचे आणि सोमवारी रत्नागिरी गाठायची. या बेतात थिबा राजवाड्यातले संग्रहालय हमखास बंद सापडते, कारण सोमवार हा तिथला साप्ताहिक सुट्टीचा वार. मुले बाहेरून फोटो काढतात आणि गाडी गणपतीपुळ्याला वळते. मग ‘कोकणात बघायला समुद्राशिवाय काही नाही’ असे ऐकायला मिळते. असे म्हणणाऱ्यांना कोकण दाखवलेच गेलेले नसते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

आमचे म्हणणे असे की, कोकणातली लहान संग्रहालये आणि स्मारके समुद्रानंतर उरलेल्या वेळात पाहायची नसतात. ती क्रमाने पाहावीत आणि हा क्रम सोलापूरकरांच्या दारातून, म्हणजे तेरपासून सुरू करावा. गोरोबाकाकांचे गाव म्हणून तेर आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातले तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याच्या टिपणात तगरहून गाड्या भरून जाडेभरडे कापड आणि मलमल भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. याच टिपणात कोकण किनाऱ्यावरच्या चौलचाही उल्लेख येतो. कापडावर वाढलेल्या आपल्या शहरातल्या मुलांना समुद्राशी नाते सांगायला याहून चांगली सुरुवात कुठली? सोलापूरहून बार्शीमार्गे तेरला एका दिवसात जाऊन येता येते. हा दिवस कोकणच्या सहलीआधी पंधरा दिवस तरी ठेवावा.

दुसरा टप्पा कोल्हापूरचे टाउन हॉल संग्रहालय. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, लहानशी कांस्यमूर्ती या संग्रहाची शान आहे. घाटमाथ्यावर समुद्रदेव आला कसा, हा प्रश्न मुलांना घाट उतरण्याआधी पडला पाहिजे. टाउन हॉलही सोमवारी बंद असतो, हे लक्षात ठेवावे.

म्हणून आखणी अशी करावी. रविवारी पहाटे पाचला सोलापूर सोडावे. मंगळवेढा, सांगोला, मिरज या रस्त्याने दुपारपर्यंत कोल्हापूर येते. दुपारी टाउन हॉल आणि मुक्काम तिथेच. सोमवारचा दिवस आंबा घाट आणि गणपतीपुळ्याला द्यावा. घाटाआधी मलकापूरला मुलांना पोटभर जेवू घालू नये. वळणांवर निम्मी गाडी ओकते आणि पुढचा सगळा दिवस वाया जातो. मंगळवारी दहाला, दार उघडते त्या वेळी, थिबा राजवाडा. बुधवारी विजयदुर्ग करून मालवण, गुरुवारी पिंगुळी आणि सावंतवाडी, आणि परतीचा रस्ता आंबोली घाटाने. तीनच दिवस हाताशी असतील तर सिंधुदुर्ग जिल्हा सरळ सोडून द्यावा. एसटीचा प्रासंगिक करार करतानाच ही सगळी ठिकाणे लिहून द्यावीत. आयत्या वेळी ‘जरा आत वळवा’ म्हटले तर चालकाला ते करता येत नाही.

थिबा राजवाड्यात मुलांना कालक्रम आधी सांगावा, नाहीतर ते नुसत्या खोल्या मोजत फिरतात. ब्रह्मदेशाचा हा राजा १८८५ मध्ये पदच्युत झाला, १८८६ मध्ये रत्नागिरीला आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातली जेमतेम सहा वर्षे राजा या वास्तूत राहिला. ही वजाबाकी मुलांना स्वतः करू द्यावी. त्यानंतर टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान. इथे तसबिरींपेक्षा घराकडे बघायला सांगावे. सोलापूरकडच्या धाब्याच्या घराचे छप्पर सपाट आणि या घराचे कौलारू छप्पर इतके उतरते, असे का? रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे त्याचा पाचवा हिस्सा कसाबसा. मातीचे धाबे तिथे एक श्रावणसुद्धा टिकायचे नाही. सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. तो पाहिल्यावर मुलांना कशाचीच सक्ती करावी लागत नाही.

गणपतीपुळ्याला लागूनच मालगुंड आहे, केशवसुतांचे जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभे केलेले तिथले स्मारक तासाभरात पाहून होते. पाठ्यपुस्तकातली एखादी कविता गाडीतच म्हणून घ्यावी, मग तिथे कोणी कंटाळत नाही. पुळ्याच्या पाण्यात मात्र मुलांना उतरवू नये. तिथला किनारा एकाएकी खोल होतो.

विजयदुर्गाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ‘१८६८ मध्ये लॉकियर यांनी या किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला’ असे तिथे सर्रास सांगितले जाते आणि मुले ते वहीत उतरवून आणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणावेळी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी गुंटूरहून पाहिले. लॉकियर यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपला आणि त्यातच हेलियमची खूण सापडली. ते विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांनी १८९५ मध्ये पृथ्वीवरही हेलियम शोधून काढला होता. लॉकियर यांच्या निरीक्षणाची जागा म्हणून ओळखला जाणारा किल्ल्यावरचा ‘साहेबाचा कट्टा’ दाखवताना शिक्षकांनी १८९८ हे वर्ष सांगावे. त्याने किल्ल्याचे मोल तसूभरही कमी होत नाही. शिवाय १८६८ चे ग्रहण टिपायला इंग्रज निरीक्षक आपल्या शेजारच्या जमखंडी आणि विजापुरात तळ ठोकून होते, हेही सोलापूरच्या मुलांना कळायला हवे.

सगळ्यात जास्त वेळ ठेवावा तो सावंतवाडीच्या राजवाड्यासाठी. इथे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, तयार होताना पाहायला मिळतात. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० गोल पाने असतात: दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही पान ओळखता येते. डाव दिवसा मांडला तर रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री मांडला तर कृष्णाच्या. जुन्या रीतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, त्यावर खडूचा लेप देऊन घोटत, मग रंगकाम आणि शेवटी लाखेचा हात. सुताला खळ देणे ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या केले, त्या घरातल्या मुलांना हे पान हाती घेण्याआधीच निम्मे समजलेले असते. मुलांना पानाची कड बघायला सांगावी. थर नीट बसले नसतील तर ते आधी कडेलाच सुटतात. सावंतवाडी संस्थानच्या राजघराण्याने ही कला मरू दिली नाही, त्याचे ऋण मोठे आहे.

कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांचे ठाकर आदिवासी कला आंगण आहे. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. गुरांच्या गोठ्यात उभ्या केलेल्या या संग्रहालयात चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत. नुसती चित्रे पाहून इथून निघू नये. चित्रकथी ही एकेक चित्र समोर धरून गाऊन सांगायची कथा आहे, तेव्हा प्रयोगासाठी आठ दिवस आधी कळवावे आणि त्याचे मानधन सहलीच्या खर्चात आधीच धरावे.

लहान संग्रहालयांत घोटाळा होतो तो संख्येने. चाळीस-पंचेचाळीस मुले एकदम आत शिरली की पुढच्या दहांना दिसते, मागची ढकलाढकली करतात आणि राखणदार सगळ्यांनाच लवकर बाहेर काढतो. पंधरा-पंधराचे गट करावेत. एक गट आत, दुसरा अंगणात चित्र काढतोय, तिसरा डबा खातोय, असे अर्ध्या-अर्ध्या तासाने फिरवावे. पाठीवरची दप्तरे गाडीतच ठेवावीत, कारण वळताना काचेला धक्का लागतो तो दप्तराचाच. वहीत पाट्या उतरवायला लावू नये. पाटी उतरवणारा मुलगा वस्तूकडे बघतच नाही. एका मुलाने एकच वस्तू निवडावी आणि शिसपेन्सिलीने तिचे चित्र काढून ती कशाची आहे, कुठे झिजली आहे, एवढेच लिहावे. याचा सराव सहलीआधी सोलापुरातच डॉ. कोटणीस स्मारकात करून घेता येतो. तेही असेच, घरातच मांडलेले संग्रहालय आहे.

आपल्या दैनिकाच्या पर्यटनविषयक मजकुरात हॉटेले, किनारे आणि मासळीची ताटे भरपूर असतात. त्याच जागेत दर आठवड्याला एका लहान संग्रहालयाची चौकट द्यावी, अशी विनंती आहे. चौकटीत साप्ताहिक सुट्टी, दुपारी बंद असण्याची वेळ, एका वेळी किती जण आत मावतात, प्रात्यक्षिकासाठी किती दिवस आधी कळवावे लागते आणि मोठी गाडी दारापर्यंत जाते की नाही, एवढ्या पाच गोष्टी असाव्यात. ही माहिती दर वर्षी बदलते, म्हणून छापण्याआधी त्या त्या ठिकाणी दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. बहुतेक शाळा सहलीचे करार दिवाळीनंतर लगेच करतात. तेव्हा पहिली चौकट ऑक्टोबरात आली तर यंदाच्याच सहलींना तिचा उपयोग होईल.

आपले,
शालेय सहलींची आखणी करणारे काही शिक्षक, सोलापूर