निकच्या घरच्या टेपा

चि. मिहिर यास अनेक आशीर्वाद.

तुझी बस आली आणि आपलं भांडण अर्धवट राहिलं, म्हणून लिहून कळवते. गिटारवर गाणाऱ्या त्या इंग्लिश निक ड्रेकचा ‘फॅमिली ट्री’ पाठवलास तूच, आणि वर म्हणालास की हा अल्बम काढायलाच नको होता. जिवंतपणी ज्या टेपा त्याने कुणाला विकल्या नाहीत, त्या मेल्यावर विकायच्या म्हणजे चोरीच. मी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस ट्रॅक ऐकले. तुझं निम्मं म्हणणं पटलं.

निम्मं अशासाठी, की यातली बरीच गाणी दुसऱ्यांची आहेत. बर्ट जान्श, जॅक्सन फ्रँक, डिलन. काही १९६७ साली फ्रान्समध्ये, एक्स-आं-प्रोव्हान्सला शिकायला म्हणून गेला तेव्हाची, बहुतेक बाकीची घरी टेपरेकॉर्डर लावून केलेली. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, गळा अजून त्याचा स्वतःचा झालेला नाही, ढंग सगळा ब्लूजवाल्यांकडून, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी म्हणणाऱ्यांकडून, उसना आणलेला. वॉरविकशरच्या खाऊनपिऊन सुखी घरातल्या मुलाने ‘कोकेन ब्लूज’ म्हणावं, मला तर हसूच आलं. पण गळा सोड, गिटारवरचा उजवा हात ऐक. अंगठा जाड तारांवर ठेका धरून बसलाय, तसूभर हलत नाही, आणि वरच्या तारांवर बोटं आपलंच काहीतरी बोलत असतात. त्याचा पहिला अल्बम ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’ १९६९ चा. तो हात त्याच्या आधीच, इथे, तयार झालाय.

आता चोरीचं. निक १९७४ साली गेला, २६ वर्षांचा, मनाच्या आजाराच्या गोळ्या जास्त झाल्याने. तीन अल्बम आले होते, त्यातला एकही तेव्हा ५,००० च्या वर खपला नाही. पुढे त्याची गाणी आवडणारी मुलं कुठून कुठून त्याच्या गावी, टॅनवर्थ-इन-आर्डनला, घर शोधत यायची. आईवडील त्यांना आत घ्यायचे आणि जाताना टेपेची कॉपी करून द्यायचे. त्याच कॉप्या नंतर चोरून विकल्या गेल्या. मला त्या दोघांचा राग येत नाही. गेलेल्या पोराची गाणी मागत कुणी दाराशी आलं तर त्याला नाही कसं म्हणायचं? तेव्हा २००७ मध्ये बहिणीने, गॅब्रिएलने, नीट निवडून हा अल्बम काढला त्याच्या कितीतरी आधी टेपा बाजारात फिरतच होत्या. तिने सोबत भावाला पत्र लिहिलंय, आणि तुला हे चाललं असतं याची मला खात्री नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. तुझा मुद्दा तिला तुझ्याआधीच सुचला होता, राजा.

आणि यातली निकच्या आईची गाणी तू ऐकलीच नाहीस ना? मला ठाऊक होतं. दोनच आहेत. मॉली पियानोवर बसून, घरातल्या घरात म्हणतात तशी म्हणते. सूर षड्जावर टेकतो टेकतो म्हणेपर्यंत बाजूला वळतो, आणि ते वळणं असं की मी पेटीवर काढून बघितलं तरी हाताला पटकन सापडेना. निकच्या गाण्यातली ती हुरहुर लोक त्याच्या आजाराच्या खात्यावर टाकतात. मला विचारशील तर ती आईकडून आलीय. ही बाई लढाईत जपानी आले तेव्हा ब्रह्मदेशातून निघून दिल्लीला आली आणि तिथे बहिणीबरोबर, नॅन्सीबरोबर, ऑल इंडिया रेडिओवर गायची. नवरा बॉम्बे बर्मा कंपनीत इंजिनिअर, म्हणून निकचा जन्म रंगूनचा आणि गॅब्रिएलचा लाहोरचा. मोझार्टचा एक तुकडा आहे बघ, त्यात निक क्लॅरिनेट वाजवतो आणि व्हायोला वाजवणारी तीच नॅन्सीमावशी. एक गाणं तर भाऊ-बहीण मिळून म्हणतात.

मग मला सांग, या टेपा एकट्या निकच्या होत्या का? त्याचा शेवटचा अल्बम ‘पिंक मून’ त्याचा, त्यातला शब्द न् शब्द त्याचा. या टेपांवर मात्र त्या सगळ्या घराचा हक्क आहे. म्हणून मी गॅब्रिएलच्या बाजूची.

तुझ्या फोनमधल्या, तू स्वतः म्हटलेल्या गाण्यांचा विषय तू शिताफीने टाळलास. आत्या सारखी विचारते, पण मी तिला काहीही पाठवलेलं नाही. कुठलं कुणाला ऐकवायचं आणि कुठलं कुणालाच नाही, ते लिहून पाठव, मी तसंच करीन. आवडलं नाही म्हणून पुसून टाकायचं मात्र बंद कर. गणपतीत आलास की सगळं बाबांच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेऊ, त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

तुझी,
आई