सगळ्यांनाच 'पाद्री' आणि 'नन' लिहू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या कॅथलिक शाळेच्या सिस्टरची बदली झाली तर लोक लगेच सुरू, काढून टाकलं असेल, काहीतरी भानगड असेल. लई वाईट वाटलं, माझ्या दोन्ही पोरी त्यांच्याच हाताखाली शिकल्या. अहो त्यांनी आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं असतं, वरून पत्र आलं की एक बॅग उचलायची आन निघायचं. दुसरं व्रत ब्रह्मचर्याचं, तिसरं गरिबीचं, म्हणजे पगार निघतो सिस्टरच्या नावानं पण जातो त्यांच्या संघाकडं, म्हणजे त्या ज्या धार्मिक संस्थेच्या असतात तिच्याकडं. म्हणूनच तर अनुदानित शाळेतल्या सिस्टर-फादरच्या पगाराचा टीडीएस कापायचा का नाही ही केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टानं कापायचा असंच सांगितलं.

पण पेपरमध्ये सगळे घोडे बारा टक्के, कुठल्याही संघाचे असोत, छापायचं 'पाद्री' नाहीतर 'नन'. वारकरी, महानुभाव, रामदासी सगळ्यांना नुसतं 'बुवा' छापलं तर चालंल का?

असिसीचा फ्रान्सिस, कापड व्यापाऱ्याचा मुलगा, सगळं सोडून निघाला, १२०९ ला पोपनं त्याला तोंडी परवानगी दिली. त्याच्या मागं आलेले हे फ्रायर, म्हणजे फिरते व्रतस्थ लोक, मठात बसून राहणारे नव्हते, गावोगाव फिरायचे, काम करायचे, नाहीतर भिक्षा मागायचे. समर्थांचं जांब ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला भिक्षा म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. फ्रान्सिसच्या ह्या फ्रायरांच्या कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात, त्या ह्याच तीन व्रतांच्या. डॉमिनिकन हे दुसऱ्या संघाचे फ्रायर, १२१६ चे, त्यांचा भर प्रवचन आन अभ्यासावर. आन काटेकोर बोलायचं तर नन म्हणजे मठाच्या आतच राहून प्रार्थना करणाऱ्या, शाळा-दवाखान्यात दिसतात त्या सिस्टर.

आपल्या संभाजीनगरकडं जुने आहेत ते फ्रान्सालियन फादर, ते फ्रायर नाहीत, आन त्यांचा फ्रान्सिस पण वेगळा, सेल्सचा, जिनिव्हाचा बिशप होता तो. जालन्याजवळचं बेथेल तर रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं, ते प्रोटेस्टंट, त्यांच्यात पाळक लग्न करतात, घरात पाळकीणबाई असतात. तरी बातमीत सगळेच 'पाद्री'.

बातमीदाराला एवढंच सांगा, नाव विचारताना संघ कोणता तेवढं विचारून घ्या. त्या सिस्टर नाहीतर फादर अगदी आनंदानं सांगतात, मी विचारून बघितलंय.

— एक वाचक, जालना