न्हाणीघराच्या कामाचा बोजा

सॅन होजे, कॅलिफोर्निया

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एफडी मोडून पैसे पाठवतो म्हणालात, तेव्हापासून जिवाला चैन नाही. एफडीला हात लावू नका. घर जप्त होत नाही. झालं ते नीट लिहिते.

आपल्या सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो ना, तसा इथे कारागिराला थकलेल्या मजुरीपोटी घरावर बोजा चढवता येतो. मेकॅनिक्स लीन म्हणतात त्याला. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या राज्यघटनेतच तो हक्क आहे. आपण मुख्य कंत्राटदाराला पैसे दिले आणि त्यानं ते खाली पोचवलेच नाहीत, तरी तो हक्क बुडत नाही.

आई, मे महिन्यात तू रोज ज्याला चहा द्यायचीस, तो फरशीवाला आठवतो? गुडघ्यांना पट्टे बांधून, दोन फरश्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचे बारके क्रॉस ठेवत, ओल्या स्पंजनं सांधे पुसत बसायचा. तुझ्या गुडघ्यांसाठी न्हाणीचा उंबरा काढून उतार त्यानंच दिला. त्याचे ७,८०० डॉलर कंत्राटदारानं थकवले, म्हणून त्यानं आमच्या घरावर बोजा नोंदवला. पैसे थकले तर बोजा चढवू शकतो, अशी त्याची नोटीस काम सुरू झालं तेव्हाच टपालानं आली होती. ती न वाचता आम्ही खणात टाकली. ती चूक आमचीच.

शेजारी म्हणाले, गप्प बसा. बोजा नोंदवल्यापासून ९० दिवसांत तो कोर्टात गेला नाही, तर बोजा निकामी होतो. कायद्यानं खरंय ते. पण ज्यानं घातलेल्या फरशीवर तू पाय ठेवणार, त्याची मजुरी बुडण्याची वाट बघत बसणं मला जमलं नसतं.

कंत्राटदाराचा ९,००० डॉलरचा शेवटचा हप्ता आमच्याकडेच होता. त्यातून ७,८०० चा चेक दोघांच्या नावानं काढला, म्हणजे दोघांच्या सह्यांशिवाय तो वटत नाही. कंत्राटदार सही करेना. राज्याच्या परवाना मंडळाकडे तक्रार गेली तेव्हा केली. चेक वटल्यावर फरशीवाल्यानं नोटरीसमोर बोजा सोडल्याचा कागद करून दिला, आणि काल मी स्वतः काउंटीच्या नोंदणी कार्यालयात तो दाखल केला.

प्लंबरनं मात्र 'पैसे पोचले, हक्क सोडला' असं अजून लिहून दिलेलं नाही. तो कागद हातात येईपर्यंत उरलेले १,२०० डॉलर मी कंत्राटदाराला देणार नाही.

तुमची,
मनू